अद्भुतातील शोधयात्रा आणि पात्रतेचा प्रश्न

‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ (१८६८) यांपासून ‘वीरधवल’पर्यंत (१९१३) मराठी अद्भुत कादंबरीला वाचक लाभत राहिला. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिति’ने (१८८५) वास्तवाची वाट दाखविल्यानंतरही हे आकर्षण ओसरले नाही. वास्तववादी समीक्षेने त्याची उपपत्ती बहुधा पलायन आणि स्वप्नरंजन या दोन शब्दांत लावली. ती कितपत पुरेशी आहे हे पाहण्यासाठी मौखिक परंपरेतील एका शोधकथेकडे वळणे उपयुक्त ठरेल.

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडाची गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे अनेक राज्यांतील भाविक जमतात. गुहेत कोंडलेल्या गोंडांची लिंगोने केलेली मुक्तता हा या श्रद्धेचा गाभा होय. भाविकांच्या लेखी ती कल्पित कथा नसून धर्मस्मृती आहे. ‘अद्भुत’ ही संज्ञा येथे केवळ कथनरूपापुरती समजावी. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (मृत्यू १८६३) यांच्या संग्रहातील लिंगोगीत रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुहा धवलगिरीवर आहे आणि तपशीलही स्थानिक परंपरेहून काहीसे निराळे आहेत. तथापि मुक्ततेचे सूत्र समान आहे.

या गीतातील दुष्टतेची मांडणी लक्षणीय आहे. गोंडांना कोंडणारा महादेव हा राक्षस नव्हे, देवच आहे. लिंगोचा वध करतात ते त्याने ज्यांना आधार दिला ते भाऊच. पुन्हा जिवंत झालेला लिंगो उरलेल्यांच्या सुटकेसाठी तप करतो, तेव्हा समुद्रकाठच्या बिंदो पक्ष्याची पिले आणण्याची अट त्याला घातली जाते. पिलांचे आईबाप घरट्यात नसतात. त्या वेळी पिले उचलणे सोपे असते. परंतु ती चोरी ठरेल, म्हणून लिंगो थांबतो. तेवढ्यात पिले गिळण्यासाठी समुद्रातून भवरनाग येतो. लिंगो त्याला मारतो आणि कृतज्ञ पक्षी आपण होऊन त्याच्यासह निघतात.

भरताने अद्भुताची उत्पत्ती वीरापासून मानली आहे. या प्रसंगातील विस्मय मात्र नागाच्या आकारापेक्षा लिंगोच्या थांबण्यातून अधिक निर्माण होतो. पिले हिरावणारा नाग आणि पिले नेण्यासाठी आलेला नायक यांच्यातील अंतर केवळ या संयमाने राखले आहे. टॉल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्येही (१९५४-५५) फ्रोडो अखेरच्या क्षणी अंगठीवर हक्क सांगतो; ती नष्ट होते ती पूर्वी दया दाखवून जिवंत सोडलेल्या गॉलममुळे. दोन्हीकडे विजयाचे मूळ शस्त्रात नसून पूर्वीच्या एका नैतिक निवडीत आहे.

केवळ पलायन हवे असते, तर नागाचा मृत्यू वाचकाला पुरेसा ठरला असता. व्यवहारात साध्य आणि साधन इतके गुंतलेले असतात की निवडीचे फळ क्वचितच दृष्टीस पडते. अद्भुत जग ते दृश्य करते. जेथे नायकाचे सद्गुण आरंभापासूनच ठरलेले असतात, तेथे स्वप्नरंजनाचा आक्षेप ग्राह्य धरावा लागेल. जेथे पात्रता प्रत्येक टप्प्यावर पणाला लागते, तेथे मात्र वाचक वास्तवापासून दूर न जाता त्याच्या निकषांकडेच परततो.