कॉमिक्सनं मुलं बिघडतात, हे ठरवलं कुणी?

माझी मावसबहीण चौथीला शिकवते. वर्गातल्या मुलांसाठी तिनं माझ्याकडून चित्रकादंबऱ्यांची यादी मागून घेतली. वरून उत्तर आलं, "कॉमिक्स नकोत, मुलं बिघडतात." अमेरिकेत याच वाक्याला एकदा चक्क संशोधनाचा शिक्का मिळाला होता. पीएचडीच्या तयारीत असाल तर तो किस्सा जरूर वाचा.

१९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक आलं. बालगुन्हेगारीमागे कॉमिक्सचा मोठा हात आहे, असा त्याचा दावा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे त्याची साक्ष झाली आणि काही महिन्यांत प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. गुन्हे आणि भयकथांची कॉमिक्स भराभर बंद पडली.

वर्थम खलनायक नव्हता, हे आधी सांगते. हार्लेममध्ये १९४६ साली सुरू झालेल्या त्याच्या लाफार्ग क्लिनिकमध्ये गरीब कृष्णवर्णीयांना नाममात्र पैशांत उपचार मिळत. शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या डेलावेअरमधल्या खटल्यात त्यानं मुलांच्या बाजूनं साक्ष दिली होती. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं.

पण पद्धत बघा. त्याच्यासमोर आलेली बरीचशी मुलं आधीच कुठल्यातरी अडचणीत सापडलेली. ती कॉमिक्स वाचत होती, हे खरंच. पण त्या काळात अमेरिकेतली जवळपास सगळीच मुलं कॉमिक्स वाचत होती! तुलनेसाठी दुसरा गटच नाही. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला असं लिहिलं असतं तर आमच्या मॅडमनी जर्नल परत केलं असतं. वर ज्या मुलांचे दाखले पुस्तकात होते, त्यांच्या मूळ नोंदी वाचकाला कधी दिसणारच नव्हत्या.

त्या दिसल्या २०१० मध्ये, लायब्ररी ऑफ काँग्रेसनं वर्थमची कागदपत्रं खुली केली तेव्हा. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिका, पूर्वी स्वतः शाळेत ग्रंथपाल. त्यांनी हस्तलिखित नोंदी आणि छापील पान शेजारी ठेवून ताडून पाहिलं आणि २०१२ साली निबंध छापला. दोन मुलांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलेलं, मुलांच्या शब्दांत फेरफार केलेले. शाळेला सतत दांडी मारणाऱ्या एका तेरा वर्षांच्या मुलीचा दोष पुस्तकात कॉमिक्सवर. नोंदीत मात्र तिची वाचनातली अडचण, टोळीतला वावर, घरातून पळून जाणं, हे सगळं होतं. छापताना नेमकं तेवढंच गळलं. आपल्या भाषेत, बाकीचे सगळे चल पुसून हवा तो एकच ठेवला.

डेटा खोटा ठरला म्हणून उलटं सिद्ध होत नाही, म्हणजे प्रत्येक कॉमिक मुलांना चांगलंच, असं नव्हे. निवड करावीच लागते. कोड २०११ साली संपला. २०१५ मध्ये सीसी बेल यांच्या 'एल डेफो'ला न्यूबेरी ऑनर मिळाला. कानाला मशीन लावून शाळेत जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट, पात्रं सगळी ससे. २०२० साली जेरी क्राफ्ट यांच्या 'न्यू किड'ला थेट न्यूबेरी पदकच. चित्रकादंबरीला ते पहिल्यांदाच मिळालं. 'न्यू किड' जरा मोठ्या मुलांसाठी ठेवा.

बहिणीची यादी मी पुन्हा पाठवली आहे, 'एल डेफो' सगळ्यात वर. सोबत टिलींच्या निबंधाचा दोन पानी मराठी सारांश, तिच्या वरिष्ठांसाठी.