२६ नोव्हेंबर १९६६ : भरती-ओहोटीची वीज

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, सॅं-मालोजवळ रांस नदीच्या मुखाशी उभारलेल्या वीजकेंद्राचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल यांनी आजच्या दिवशी केले. भरती-ओहोटीवर चालणारे हे जगातले पहिले मोठे केंद्र. इथे उधाणाला पाणी १३ मीटरपर्यंत चढते-उतरते. ७५० मीटर लांबीच्या बांधातल्या २४ टर्बाइनची एकूण क्षमता २४० मेगावॉट आहे. किंमत मात्र खाडीने मोजली. बांधकामासाठी समुद्र अडवला गेला, तेव्हा तिथले बरेच जलचर नाहीसे झाले. जीवसृष्टी सावरायला सुमारे १० वर्षे लागली. ही नोंद विजेच्या आकड्यांइतकीच मोलाची आहे.

याहून मोठे केंद्र व्हायला २०११ उजाडले : दक्षिण कोरियाचे सिहवा, २५४ मेगावॉट. इतक्या संथ क्षेत्रात अनुभव वाटून घेण्याला पर्याय नव्हता. २००१ मध्ये डेन्मार्क, पोर्तुगाल आणि ब्रिटनने आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली ‘ओशन एनर्जी सिस्टिम्स’ हे सहकार्य सुरू केले. लाटा आणि भरतीवरच्या प्रकल्पांची प्रगती, तसेच त्यांचे सागरी जीवनावरचे परिणाम तिथे एकत्र नोंदवले जातात. भारतही पुढे त्यात सामील झाला. केरळात विळिंजमला लाटांवरचे १५० किलोवॉटचे प्रायोगिक केंद्र तर १९९१ मध्येच उभे राहिले होते.