पेल्यातील गाळ आणि डब्यातील मासा

बडोद्याच्या इतिहासातील विषाचे एक प्रकरण सर्वश्रुत आहे. इ. स. 1874 च्या नोव्हेंबर महिन्याच्या 9 तारखेस रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यापुढे नित्याप्रमाणे पपनसाच्या रसाचे सरबत ठेवण्यात आले. दोन-तीन घोट घेताच त्यांचा जीव अस्वस्थ झाला, म्हणून त्यांनी उरलेले सरबत फेकून दिले. तेव्हा पेल्याच्या बुडाशी काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सीवर्ड आणि मुंबईचे रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांच्या तपासणीत सोमल व हिऱ्याची पूड निघाली. मल्हारराव गायकवाडांवर चौकशीमंडळ बसले. त्यातील तिघा इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांना तो पटला नाही. तरीही एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना गादीवरून दूर करण्यात आले, आणि कारण दाखविले ते गैरकारभाराचे! विष कोणी घातले याचा वाद मिटला नाही. परंतु विष होते, एवढे त्या गाळाने सांगून टाकले.

बुडाशी गाळ न ठेवणाऱ्या विषाची हकीकत याहून पुष्कळ लांबलचक आहे. जपानमधील मिनामाता या गावी 1 मे 1956 रोजी एका अनोळखी मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. ती नोंद करविणारे डॉ. होसोकावा हे तेथील चिस्सो कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख होते. कोळ्यांच्या घरांतील मांजरे आधी वेड्यासारखी नाचू लागली होती. मग माणसांचे हात कापू लागले, वाचा अडखळू लागली, दृष्टी आकुंचित झाली. 1959 साली कुमामोतो विद्यापीठातील संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात कालवून एका मांजराला घातले आणि त्यालाही तोच रोग जडला. कंपनीने हा प्रयोग दडपून ठेवला, आणि कारखान्याचे ते उत्पादन 1968 पर्यंत चालूच राहिले. यांत सर्वांत हृदयद्रावक गोष्ट बालकांची होती. आईला फारसे काही होत नसे, तिच्या उदरातील मूल मात्र पंगू जन्मास येई.

हे घडते कसे? थर्मामीटरमधला पारा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पोटात गेला तरी बहुतांशी तसाच बाहेर पडतो. मिथिल पारा हे त्याचे रूप मात्र शरीरात मुरते, आणि निम्मे बाहेर पडण्यास सुमारे दीड-दोन महिने घेते. मिनामातात हे रूप कारखान्यातूनच बाहेर पडत होते. परंतु साधा पारा तळाच्या चिखलात गेला तरी तेथील सूक्ष्म जंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, असे येन्सेन व येर्नेलोव या स्वीडिश शास्त्रज्ञांनी 1969 साली दाखविले. चिखलातील किड्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे, आणि प्रत्येक पायरीवर साठा वाढत जातो. तो मांसातील प्रथिनांशी जखडलेला असल्यामुळे मासा धुतल्याने, तळल्याने वा शिजविल्याने जात नाही. म्हणूनच डब्याच्या पत्र्याला दोष देणे व्यर्थ होय. डब्यात मासा शिरतो तेव्हा पाराही त्याच्यासोबत शिरलेला असतो.

डब्यातील मासळीवर पहिला मोठा घाला आला तो 1970 च्या डिसेंबरात. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रूस मॅकडफी यांना ट्यूनाच्या डब्यात ठरविलेल्या मर्यादेहून, म्हणजे दहा लाख भागांत अर्ध्या भागाहून, अधिक पारा आढळला. अमेरिकन सरकारने सुमारे दहा लाख डबे बाजारातून परत घेतले. पुढल्याच वर्षी तलवार माशाचा व्यापार जवळजवळ बसला. पण एवढ्यावर कथा संपत नाही. 1972 साली संग्रहालयात जपलेले 1878 ते 1909 या काळातील ट्यूना तपासले, तेव्हा त्यांतही आजच्याइतकाच पारा सापडला! खोल समुद्रातील मोठ्या, दीर्घायुषी माशांत पारा नैसर्गिकरीत्याही साठतो. ही गोष्ट कारखानदारांच्या पथ्यावर पडली खरी, पण मिनामाताच्या बालकांचे उत्तर तीत नव्हते. खाडीतील पारा आणि महासागरातील पारा यांचा हिशेब वेगवेगळा मांडावयास हवा.

आपल्याकडील खाड्यांचाही असा हिशेब आहे. कास्टिक सोडा करण्याच्या जुन्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडीत आणि हौदाच्या तळाशी पाऱ्याचा थर ठेवीत. सोडियम त्यात विरघळे, व पुढे पाण्याच्या योगाने त्याचा सोडा होई. पारा पुन्हा पुन्हा वापरला जाई, पण थोडाथोडा निसटतही असे. ठाण्याच्या खाडीतील पाऱ्यावर झिंगडे व देसाई यांचा निबंध 1981 साली प्रसिद्ध झाला. कारवारजवळच्या सोडा कारखान्याच्या परिसरातील पाऱ्यावर 1990 साली आणखी एक आला. बडोद्याच्या उत्तरेसही 1970 नंतरच्या दशकात याच पद्धतीचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे तो पारा न लागणाऱ्या पडद्याच्या पद्धतीकडे वळला. या औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी 1983 पासून सुमारे 55 किलोमीटर लांबीच्या कालव्याने जंबुसर तालुक्यातून खंभातच्या आखाताकडे जाते. शहराच्या नजरेआड झालेले पाणी मासळीच्या नजरेआड होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार 2013 साली झाला, त्याला मिनामाताचेच नाव देण्यात आले, आणि 2018 साली भारताने त्यास मान्यता दिली.

बडोदे समुद्रकाठचे नव्हे. तरी गायकवाडीबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या पानात मासा असतो, आणि हल्ली दुकानाच्या फळीवर डबेही दिसतात. तेव्हा घ्यावे काय? अमेरिकन सरकारी आकड्यांप्रमाणे दहा लाख भागांतील पाऱ्याचे सरासरी प्रमाण तारलीत 0.013, डबाबंद रावसाच्या विलायती भाऊबंदात, म्हणजे सामनमध्ये, 0.014, ‘लाइट’ ट्यूनाच्या डब्यात 0.126, तर ‘अल्बाकोर’ म्हणजे पांढऱ्या ट्यूनात 0.350 आहे. मुशी व तलवार मासा एकाच्या जवळ जातात. म्हणजे ‘ट्यूना’ एवढाच शब्द वाचून डबा उचलणे पुरेसे नाही. कोणता ट्यूना, हे पाहावे लागते. गर्भवती, स्तनदा माता व लहान मुले यांनी मुशी, तलवार मासा यांसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत. मासळीच टाळावी असे मात्र कोणी सांगत नाही. गर्भातील मेंदूला तिची स्निग्धद्रव्ये हवीच असतात.

नावांचा एक घोटाळा येथे सोडविला पाहिजे. परदेशी याद्यांत ‘किंग मॅकरेल’ वर्ज्य म्हटलेला असतो, आणि बांगड्याला इंग्रजीत मॅकरेलच म्हणतात. त्यामुळे एखादी सुशिक्षित गृहिणी बिचाऱ्या बांगड्यालाच घरातून हद्दपार करते आणि त्याच्या जागी सुरमई आणते. वास्तविक तो किंग मॅकरेल सुरमईच्या कुळातला आहे! बांगडा लहान, अल्पायुषी व पाण्यातील बारीक जीवांवर जगणारा. तारली आणि मांदेलीही तशाच. नर्मदेच्या मुखाशी भरूचकडे मिळणारा पालाही बारीक जीवांवरच जगतो. त्याला खाताना काट्यांचे भय तेवढे बाळगावे लागते.