गुडघ्याचे बळ आणि घरचे ताट

ऑक्टोबर २००० मध्ये त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्याचा सांधा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला, आणि ‘गुडघा बदलणे’ हे शब्द आपल्या ओट्यावरच्या गप्पांत येऊन बसले. आज आळेफाट्यावर चार बाया जमल्या की एकीच्या तरी घरचे उदाहरण निघते. पण भगिनींनो, सांधा नवा झाला तरी त्याला उचलणारा मांडीचा स्नायू जुनाच असतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात त्याचे बळ निम्म्याहूनही खाली येते.

असे का होते याचा पहिला सुगावा १९३० च्या सुमारास ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांना लागला. हाड मोडून खाटेवर पडलेल्यांच्या लघवीतून नत्र वाजवीपेक्षा जास्त जात होते. म्हणजे शरीर स्वतःचाच स्नायू झिजवीत होते. पुढे १९४५ साली शिकागोच्या लष्करी रुग्णालयातील डॉ. थॉमस डेलॉर्म यांनी गुडघा दुखावलेल्या सैनिकांच्या पायात लोखंडी जोडा बांधला, वजन क्रमाक्रमाने वाढविले आणि वाळलेल्या मांड्या पुन्हा भरून आणल्या. तोवर हलकाच व्यायाम पुष्कळदा करण्याची रीत होती.

आहाराच्या बाजूने आपले नाव घ्यायचे तर कमला सोहोनी यांचे. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत १९३३ साली केवळ बाई म्हणून रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर त्यांनी तेथेच काम केले आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. कच्च्या कडधान्यात प्रथिनांचे पचन अडविणारे द्रव्य असते, तेही त्यांनी पुढे मुंबईत तपासले. नीट शिजविल्यावर त्याचा जोर मोडतो. मटकी-हुलगे मऊ शिजविण्याचा आपल्या आज्यांचा हट्ट वावगा नव्हता तर!

आता औषधाच्या दुकानातल्या डब्यांविषयी. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभर व नंतर दोन आठवडे, दिवसातून दोनदा २० ग्रॅम आवश्यक अमिनो आम्ले रुग्णांना दिली. त्यांची मांडी साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटली, इतरांची चौदा टक्के. मात्र रुग्ण तिसाच्या आतच होते, आणि ताकदीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. व्यायाम टाळून डबा रिकामा केला तर पैसेच गेले म्हणायचे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूही नये.

आमच्या सासूबाईंचे घ्या. गुडघा बदलून आल्या आणि महिनाभर पेज, साबुदाणा नि वर दोन एकादशा. वाढणारी मीच होते, तेव्हा दोष कोणाला द्यावा? खुर्चीतून उठताना पाय लटपटू लागले तेव्हा ताट बदलले : सकाळी मुगाचे धिरडे व दही, दुपारी घट्ट वरण, रात्री पेलाभर दूध. अंडे त्यांनी शेवटपर्यंत नाकारले. जोडीला पायाला वाळूची पुरचुंडी बांधून रोजचा व्यायाम. दिवाळीच्या आधी त्या कोणाचा हात न धरता अंगणापर्यंत गेल्या, आणि सडा नीट पडला नाही म्हणून मला बोलल्या.