जैववायू, काडीकचऱ्यापासून

जैववायू, काडीकचऱ्यापासून : भाताचा पेंढा, गव्हाचे काड, उसाचे पाचट, पऱ्हाट्या इत्यादी शेतातील अवशेष हवाबंद टाकीत कुजवून मिथेनयुक्त वायू मिळविण्याची, व तो अधिक मिळावा म्हणून निवडक सूक्ष्मजीव योजण्याची प्रक्रिया.

शेणावर चालणाऱ्या टाकीत नुसता पेंढा लोटला, तर तो तरंगतो, पृष्ठभागावर जाड थर धरतो, आणि महिन्याभराने बाहेर पडणाऱ्या स्लरीत त्याचे तुकडे जवळजवळ जसेच्या तसे सापडतात. शेण हे गुराने रवंथ करून अर्धेअधिक पचविलेले द्रव्य होय. काडीतील सेल्युलोज मात्र लिग्निनाच्या वेष्टनात कोंडलेले असते, आणि लिग्निन हवेवाचून फारसे कुजतच नाही. शिवाय कर्ब-नत्राचे इष्ट प्रमाण २० ते ३० असता पेंढ्यात ते ५० च्या पुढे जाते. सबब शेण वा कोंबडखत मिसळणे ओघानेच आले. शेणाबरोबर मिथेनजनक आर्कियांचे विरजण आयतेच मिळते, तेव्हा गाडे अडते ते शेवटच्या पायरीवर नव्हे, काडी उकलण्याच्या पहिल्याच पायरीवर.

या पायरीवरचे निष्णात कारागीर गुराच्या पोटातच वसतात, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. मेंढीच्या जठराच्या पहिल्या कप्प्यात पोहणारे जे सूक्ष्मजीव तोवर प्रजीव समजले जात, ते वस्तुतः कवकांचे चल बीजाणू आहेत, असे कॉलिन ऑर्पिन यांनी इंग्लंडमध्ये १९७५ साली दाखविले. निओकॅलिमॅस्टिक्स प्रभृती ही कवके ऑक्सिजनाविना जगतात, आणि मुळांसारखे तंतू काडीत घुसवून ती आतून फोडीत असतानाच सेल्युलोज विरघळविणारी विकरे स्रवतात. त्यांनी सोडलेला हायड्रोजन मिथेनजनक उचलतात, व त्यामुळे उभयतांचे काम सुकर होते. याउलट, धिंगरी अळंबीसारखी श्वेतकुज कवके लिग्निन खातात खरी, परंतु त्यांना हवा लागते. म्हणून त्यांची योजना टाकीबाहेर, पूर्वसंस्कारापुरतीच करावी लागते, आणि मुदत लांबली तर ती वायूसाठी राखलेल्या सेल्युलोजावरही हात मारतात.

विघटन अवाजवी वेगाने झाले, तर अम्ले साचून पीएच ६.५ च्या खाली उतरतो व मंदगतीने वाढणारे मिथेनजनक काम थांबवितात. घातलेले सूक्ष्मजीव टाकीतील मूळ रहिवाशांपुढे टिकाव न धरता स्लरीबरोबर वाहूनही जातात. म्हणून विरजण पुनःपुन्हा घालावे लागते, किंवा काडी उकलण्यासाठी निराळी पहिली टाकी बांधून, तीत कत्तलखान्यातून आणलेले जठरद्रव्य ३९° सें.च्या आसपास राखण्याची तजवीज करावी लागते.