संगणकांचे दुभाषे

एका संगणकानें अंक पाठवावा व दुसऱ्यानें तो अक्षर समजावा, कीं घोटाळा झालाच! पूर्वीं ही दुभाषेगिरी बहुधा प्रोग्रामरला हातानें लिहावी लागे. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रांत अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनीं ती ‘ल्युपाइन’ नामक प्रोग्रामवर सोंपविली. त्यांचा निबंध १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. कोणत्या क्रियेस कोणत्या प्रकारची माहिती द्यावयाची, एवढा करार मनुष्यानें मेसा भाषेंत लिहावा; दोन्ही बाजूंचे दुभाषे ल्युपाइननें रचावे.

पुढें वेबवर असा करार पुष्कळदां नुसत्या गद्य माहितीपत्रकांत राही. २०११ सालीं ‘वर्डनिक’ या वेबवरील शब्दकोशाच्या कामांतून ‘स्वॅगर’ निघालें. अर्थ ठरविण्याची निकड कोशकारांनाच भासावी, हें साजेसेंच! २०१६ पासून त्या करारलेखास ‘ओपनएपीआय’ म्हणतात. त्यावरून टाइपस्क्रिप्टमधील प्रकारव्याख्या यंत्र क्षणांत लिहितें. परंतु सर्व्हर बदलला नि करारलेख जुनाच राहिला, तर व्याख्याहि जुन्याच उतरतात, आणि प्रोग्रामरला शंकाहि येत नाहीं.