बट्टा: चांदीच्या रुपयाची पारख, तेव्हाची आणि आजची

‘घराण्याच्या नावाला बट्टा लावला’ असं आपण सहज बोलून जातो. पुणे असो, इंदूर, बडोदा की हैदराबाद, मराठी घरात हा शब्द सगळ्यांना कळतो. पण बट्टा आला कुठून? सराफाच्या पेढीवरून. आज आपण चांदीच्या जुन्या रुपयाची पारख कशी करायची ते पाहू. त्यासाठी आधी हा बट्टा समजून घेऊ.

पेशवाईत परवाना घेऊन खासगी टांकसाळी चालत. अंकुशी, चांदवडी असे अनेक रुपये एकाच बाजारात फिरत आणि त्यांचे भाव वेगवेगळे असत. सराफ रुपया वाजवून बघे, तोली, शंका आली तर टाकीची खूण पाडून आतली चांदी तपासी. नाणं झिजलेलं किंवा त्या भागात न चालणारं निघालं, की काही रक्कम कापून घेई. तो बट्टा. बंगालमध्ये तर नाणं नवंकोरं दिसत असलं, तरी टांकसाळीतून निघून वर्ष उलटलं म्हणूनच बट्टा लागे. तो थांबवायला कंपनीने तिथल्या रुपयांवर शहाआलम बादशहाचं १९ वं राज्यवर्षच कायम ठेवलं. वर्ष बदललंच नाही, तर नाणं जुनं ठरणार कसं?

सारा मात्र ठरावीक नाण्यात भरावा लागे. शेतकऱ्याच्या हाती बाजारात मिळेल तो रुपया यायचा, आणि फरक त्याच्याच पदरातून जायचा. तेव्हा पारख हा छंद नव्हता, पोटाचा प्रश्न होता.

१८३५ साली कंपनीने आपल्या सगळ्या मुलुखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, १२ भागांत ११ भाग चांदी. झीज मात्र कायद्यालाही मोजावी लागली. १८७० च्या कायद्यात रुपयाचं वजन २ टक्क्यांपेक्षा जास्त घटलेलं नसावं, अशी अट होती. २ टक्के म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम!

सराफ विचारायचा, चांदी किती उरली? आजचा संग्राहक विचारतो, टांकसाळीने उमटवलेला ठसा किती उरला? सगळी प्रतवारी या एका प्रश्नावर उभी आहे. ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रिमली फाइन’ आणि सर्वांत वर ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं.

मी आधी साल बघतो आणि वजन करतो. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. १९४७ चा रुपया तर निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. मग भिंगाखाली उंच भाग बघतो, कारण झीज तिथे सुरू होते. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर गाल, केस आणि खांद्यावरची नक्षी. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर झग्यावरचा छोटा हत्ती. १९११ च्या रुपयावर हाच हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि १९१२ पासून तो सुधारून काढला. या हत्तीचे पाय, सोंड स्पष्ट दिसले तर नाणं वरच्या प्रतीचं.

शेवटी दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवतो. न फिरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा सरकतो. हे तेज छापताना धातू दाबला गेल्यामुळे येतं. चिंच, राख किंवा टूथपेस्ट लावून घासलेलं नाणं चकचकीत दिसतं, पण त्यावरचा उजेड एका जागी थिजलेला असतो आणि बारीक ओरखडे दिसतात. ते तेज परत आणता येत नाही. चांदीवरचा काळपटपणा हवेतल्या गंधकाने येतो. तो एकसारखा असेल तर दोष नाही. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या ताटातला आजीचा रुपया घासू नका. कडा धरून उचला आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. माळेत ओवायला कडी डागलेली असेल तर ती ओरबाडून काढू नका. डागाची खूण राहतेच.

आता एक गंमत बघा. सराफाच्या टाकीची खूण असेल तर आजच्या बाजारात नाण्याची किंमत उतरते. म्हणजे त्याच रुपयाला दुसऱ्यांदा बट्टा! मी मात्र अशी नाणी आवर्जून ठेवतो. कोरा रुपया टांकसाळीतून निघून कुठल्या तरी पेटीत जाऊन बसला. त्याच्याकडे सांगायला फारसं काही नाही. टाकी खाल्लेला रुपया मात्र बाजारात उभा राहिला, त्याच्यावर संशय घेतला गेला आणि तो खरा ठरला. प्रतवारीच्या तक्त्यात याला रकाना नाही. तुमच्या घरात असा एखादा रुपया निघाला, तर वितळवायला देण्याआधी भिंगाखाली एकदा नीट बघा.

भेटू पुढच्या भागात.